नदी ओलांडायची नाही, म्हणून पुण्यातच सगळं उघडून पाहिलं

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबर २०२५ला, आम्ही आमच्या बसचं दार जूननंतर पहिल्यांदा उघडलं. धायरीत ओळखीच्यांच्या मोकळ्या प्लॉटवर ती पावसाळाभर उभी होती. दार उघडताच कुबट वास आला. गादीच्या एका कडेला बुरशी होती, आणि बोनेट उघडल्यावर एअर फिल्टरच्या डब्यात कापूस, कागद आणि वायरींचे तुकडे. उंदराने घर केलं होतं. बॅटरीवर मीटर लावला तर ११.२ व्होल्ट, म्हणजे उतरलेली. मी तिथेच पायरीवर बसले. दोन महिन्यांनी हिच्यात सासूबाईंना घेऊन नर्मदा परिक्रमेला निघायचं होतं.

बस २०१० सालची आहे, मूळची सतरा आसनी. २०२२ मध्ये आम्ही ती जुनी विकत घेतली, आसनं काढली आणि झोपायच्या जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी, छतावर दोन सौर पॅनेल असं घर केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. ते सोपस्कार तेव्हाच पूर्ण करून नोंदणीपुस्तकात बदल लावून घेतला होता. त्यानंतर कोकण, पंढरपूर, हंपी असे प्रवास झाले. पण ते सगळे आठवड्याभराचे. काही बिघडलं तर परत फिरायचं, एवढं साधं होतं.

परिक्रमेत तसं नाही. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही तिचं पात्र ओलांडायचं नाही. म्हणजे गाडी बंद पडली आणि चांगलं गॅरेज नेमकं पलीकडच्या तीरावर असलं, तर ते आपल्या उपयोगाचं नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघे दुखतात, आणि त्यांनी नेम घेतला होता. त्यामुळे जे मोडू शकतं ते सगळं पुण्यातच उघडून पाहायचं, हे नवऱ्याने आणि मी त्या दिवशी ठरवलं. खाली जे लिहिते आहे ते तशाच जुन्या गाडीवर पहिल्यांदा हात घालणाऱ्या कुणासाठी.

पहिला धक्का कागदांनी दिला. विम्याचे कागद शोधताना नोंदणीपुस्तक हातात आलं, आणि त्यावर वैधता १८ नोव्हेंबर २०२५. पंधरा वर्षं पूर्ण होत होती. आम्ही निघणार होतो ६ नोव्हेंबरला. म्हणजे वाटेतच नोंदणी संपणार, आणि संपलेल्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर आणणं बेकायदेशीर. खाजगी वाहनाच्या नूतनीकरणासाठी नमुना २५ भरावा लागतो आणि तो मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासूनच घेतात. म्हणजे आमच्यासाठी १९ सप्टेंबरनंतर. शुल्क ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं आणि त्याआधी निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतात.

त्याआधी आणखी एक पायरी होती, ती मला ठाऊक नव्हती: उच्च सुरक्षा नंबरप्लेट. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते, आणि ती नसेल तर आरटीओ कार्यालयातली इतर कामं अडतात. ८ सप्टेंबरला ऑनलाइन पैसे भरले, ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये. बसवण्यासाठी मिळालेली तारीख होती २ ऑक्टोबर, दसऱ्याची. चोवीस दिवस थांबायचं. म्हणून सांगते, गाडीच्या कामाची यादी करताना पहिल्या दिवशी नोंदणी, विमा, पीयूसी आणि प्लेट या चार तारखा बघा. लोखंड पैसे दिले की दुरुस्त होतं. तारखांना वाट बघावीच लागते.

आता गाडी. जूनमध्ये घराजवळच्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करून घेतलं होतं आणि बिलावर ‘ब्रेक तपासले’ असं लिहिलेलं होतं. त्या कागदावर विसंबून मी ऑइल, फिल्टर, बेल्ट एवढीच यादी घेऊन निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गेले. तिथले मेकॅनिक साठीच्या पुढचे, मिनीबस आणि टेम्पोत आयुष्य गेलेले. त्यांनी आत डोकावून ओटा पाहिला, टाकी पाहिली, कपाटं उघडून पाहिली आणि विचारलं, “ताई, वजनकाट्यावर नेली होती का कधी?”

नव्हती. तीन वर्षांत एकदाही नाही.

“सतरा माणसांची गाडी आहे. माणसं उतरवलीत आणि फर्निचर चढवलंत. आता ती किती वजनाची आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांनाही नाही. आधी काटा करून या, मग मी चाक खोलतो.”

१० सप्टेंबरला पाण्याची टाकी भरून, गॅस सिलिंडर, भांडी, अंथरुणं, अवजारं असं सगळं प्रवासाला निघाल्यासारखं लादून बस भोसरीच्या एका वजनकाट्यावर नेली. १०० रुपये घेतात आणि छापील पावती देतात. आकडा आला ४,०६० किलो, तोही माणसांशिवाय, आम्ही दोघं खाली उभे राहून. नोंदणीपुस्तकात परवानगी आहे एकूण ४,२०० किलोंची. आम्ही जाणार चौघं: सासूबाई, नणंद, नवरा आणि मी. चार माणसं आणि त्यांच्या पिशव्या १४० किलोंत कशा बसणार? तीन वर्षं आपण जास्त ओझ्याने घाट उतरत होतो हे त्या पावतीवर वाचताना पोटात खड्डा पडला.

काटेवाल्या दादांनी मग न सांगता आणखी एक गोष्ट केली. फक्त डावीकडची चाकं काट्यावर घ्यायला लावली. या पद्धतीने अगदी नेमकं वजन कळत नाही, पण अंदाज येतो. डावीकडे २,१३० आणि उजवीकडे १,९३०. पाण्याची दीडशे लिटरची टाकी, ओटा, दोन्ही बॅटऱ्या, सगळं आम्ही डाव्या अंगाला बांधलं होतं, कारण नळ आणि वायरी एका बाजूला ठेवणं सोयीचं होतं. मोकळ्या जागेत उभी करून मागून पाहिली तर डावा कोपरा दीड इंच खाली. एवढे दिवस तो दिसलाच नव्हता.

पुढचे चार दिवस घरी आम्ही दोघं एकेक वस्तू उचलून बाहेर ठेवत होतो. छोटा जनरेटर गेला, ४५ किलो. एकोणीस एमएम प्लायचं एक उभं कपाट काढलं, ते ६० भरलं. दुसरा सिलिंडर, पितळेची भांडी, दुहेरी अवजारं मिळून आणखी ६०. पाणी निम्मंच भरून निघायचं ठरवलं, ते ७५ किलो झाले. परिक्रमेच्या मार्गावर आश्रम आणि धर्मशाळा जागोजागी आहेत, पाणी मिळतं. बॅटऱ्या उजव्या बाजूला नेल्या. दुसऱ्यांदा काट्यावर ३,८२० भरली, आणि दोन बाजूंतला फरक तीस-चाळीस किलोंवर आला. कपाट काढताना मला वाईट वाटलं, ते मी स्वतः रंगवलं होतं.

१५ सप्टेंबरला बस पुन्हा निगडीत. मागचं डावं चाक खोललं, ब्रेकचा ड्रम काढला आणि मेकॅनिककाकांनी मला हाक मारली. चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरातून ब्रेक ऑइल झिरपून लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, पूर्ण ओले झाले होते. जूनच्या बिलावर ज्याने ‘तपासले’ लिहिलं त्याने ड्रम काढलेलाच नव्हता. ड्रमच्या कडेचा गंज अखंड होता. बरणीतलं ब्रेक ऑइल वरून पाहिलं तर चहासारखं काळपट.

काकांनी बोट बुडवून दाखवलं आणि समजावलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. तीन पावसाळे गेले की त्यात पाणी मिसळलेलं असतं आणि ते लवकर उकळतं. लांब उतारावर पाय ब्रेकवरच राहिला की ड्रम तापतात, उष्णता ऑइलपर्यंत जाते, आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते, मग पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचे अपघात पुण्यात कुणाला सांगायला नकोत. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा, हे तिथलं नेहमीचं कारण. माझ्या डोळ्यांसमोर तो उतारच आला. त्या रस्त्याने आम्ही ही बस किती वेळा आणली आहे.

तिथेच बसलेल्या एका मुलाने सुचवलं की लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवता येतील. काका नाही म्हणाले, आणि मीही. तेल प्यायलेला लायनर वरून कोरडा दिसतो, तापला की पुन्हा तेल सोडतो. चारही चाकांचे लायनर, सगळ्या व्हील सिलिंडरचे किट, मास्टर सिलिंडरचं किट, ड्रमचं टर्निंग आणि पूर्ण नवं ऑइल, मजुरीसह ११,४०० रुपये झाले. शेवटी ब्रेकमधली हवा काढताना मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि काका खालून सांगत होते, “दाबा… धरून ठेवा… सोडा.” पाऊण तास. पेडल हळूहळू वर येऊन पायाखाली टणक लागायला लागलं. ते टणक लागणं कसं असतं हे मला पहिल्यांदा कळलं. पूर्वीचं मऊ पेडल मी ‘या गाडीचं असंच आहे’ म्हणून सोडून दिलं होतं.

पाट्यांचं काम शेजारच्या पाटेवाल्यांनी दोन दिवसांत केलं. डावीकडचा एक पाटा तडकलेला निघाला. बुश, शॅकल आणि यू-बोल्ट नवे, ५,२०० रुपये. त्याच वेळी किंगपिन आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस मारून घेतलं.

टायरची गोष्ट वेगळीच झाली. नक्षी चांगली दिसत होती, म्हणून बदलायचा विचार नव्हता. पण टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन वर्षातला आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या दोन्ही टायरवर ३११७ होतं, म्हणजे २०१७चा एकतिसावा आठवडा. आठ वर्षांचं रबर. बोटाने वाकवलं तर बारीक भेगा दिसल्या. सहाही बदलायचे ठरले, दुकानदारांनी एकाचे ८,४५० सांगितले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पितृपक्ष चालू आहे. घटस्थापनेला घ्या. पाच दिवसांनी काय बिघडतं?” मी त्यांचं ऐकलं. घटस्थापना होती २२ सप्टेंबरला, आणि त्याच दिवसापासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. तोच टायर ७,८०० रुपयांना मिळाला. सहा टायरमागे जवळपास चार हजार वाचले. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी घटाला नमस्कार करताना खूश दिसत होत्या.

मागे जोडचाकं असतील तर आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्या. ती नसली तर पंपावरचा मुलगा बाहेरच्या चाकात हवा भरतो आणि आतलं तसंच राहतं. आमचं वर्षानुवर्षं तेच झालं असणार. आणि चाक कुठेही काढलं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे.

इंजिनचं काम त्यामानाने सरळ होतं. ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, दोन फुगलेले होज पाईप, फॅन बेल्ट, ९,६०० रुपये. जुना बेल्ट अजून बरा होता, तो पिशवीत ठेवला. दूरच्या गावात नेमक्या मापाचा बेल्ट मिळेपर्यंत तो चालतो. डिझेल फिल्टरखालचा नळ सोडला तेव्हा आधी अर्धी वाटी पाणी आलं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने उभी ठेवलेल्या गाडीत असं पाणी जमतं. उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा.

घराच्या भागाला मी स्वतः हात घातला, २७ आणि २८ सप्टेंबर. उंदराने कुरतडलेल्या वायरी ऑटो इलेक्ट्रिशियनने बदलल्या (३,९०० रुपये). मी टोचणी घेऊन प्रत्येक जोड हलवून पाहिला. घरातली वायर जागेवर असते, बसमधली दिवसभर थरथरते. बॅटरीचं एक टर्मिनल हाताने फिरत होतं. तेवढ्या सैल जोडावर ठिणगी पडून आग लागू शकते. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवा, आमचा दीड मीटरवर होता, तो जवळ आणला. गॅसची नळी २०१९ची निघाली. पाच वर्षांनी बदलायची असते, म्हणजे वर्षभर आम्ही मुदत संपलेल्या नळीवर चहा करत होतो. नवी नळी आणि रेग्युलेटर घेतला, साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासला. गाडी चालू असताना सिलिंडरचा नॉब बंद, हा नियम आता दारावर लिहून चिकटवला आहे.

२ ऑक्टोबरला सकाळी नंबरप्लेट बसली. दुपारी त्याच नव्या प्लेटवर झेंडूचा हार घालून पूजा केली. पीयूसी काढली, १५० रुपये, आणि नमुना २५ भरला. तपासणीची तारीख १५ ऑक्टोबर मिळाली.

मधल्या शनिवारी-रविवारी, ११ आणि १२ तारखेला, चाचणी. पूर्ण सामान, चौघं माणसं, दिवे घाटाने सासवड, जेजुरी, मोरगाव आणि परत. साडेनऊशे रुपयांचा एक लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर घेतला होता. घाट चढलो दुसऱ्या गिअरमध्ये, परत येताना उतरलोही दुसऱ्याच. पायथ्याशी, वडकीच्या अलीकडे, बाजूला थांबून प्रत्येक ड्रमवर थर्मामीटर धरला. मागचा डावा ९६ अंश, उजवा १४२. उजवीकडचा ब्रेक सुटतच नव्हता, सतत घासत होता. चालवताना काहीही जाणवलं नव्हतं. सोमवारी काकांनी तो ॲडजस्ट केला आणि म्हणाले, “हे बघायला लोक माझ्याकडे धूर निघाल्यावर येतात.” पैसे घेतले नाहीत. त्याच फेरीत सासूबाईंनी सांगितलं की पायरी उंच आहे आणि धरायला काही नाही. ब्रेक, टायर, वजन यांत मी महिनाभर बुडाले होते, आणि जिच्यासाठी गाडी होती तिचा पाय कुठे पडतो हे पाहिलंच नव्हतं. दाराला दांडी आणि एक घडीची पायरी जेजुरीहून आल्या आल्या लावून घेतली.

१५ तारखेच्या तपासणीला आम्ही सकाळी पावणेदहाला पोचलो, नंबर आला दीडला. निरीक्षकांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर, अग्निशामक पाहिले आणि चेसिस नंबर विचारला. अर्जावर त्या नंबरचा पेन्सिलीने घासून छाप घ्यावा लागतो. आमचा नंबर गंजाखाली गेला होता, पण आदल्या दिवशी केरोसीन आणि तारेच्या ब्रशने साफ केला होता, म्हणून पाच मिनिटांत झालं. आमच्या पुढच्या गृहस्थांना त्याच कारणासाठी परत पाठवलं. ते सांगलीहून मुलाची गाडी घेऊन आले होते, मला फार वाईट वाटलं. तुमचा नंबर कुठे आहे हे घरीच शोधून ठेवा. दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर, २९ ऑक्टोबरला, वाहननोंदणीच्या ॲपवर २०३०ची वैधता दिसली. निघायला आठ दिवस उरले होते. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सलग झोपले.

विमा आणि पर्यावरण कर सोडून एकूण खर्च ८५ हजारांच्या थोडा वर गेला. त्यातले निम्म्याहून जास्त टायरचे.

त्रिपुरी पौर्णिमेला रात्री दिवे लावले आणि ६ नोव्हेंबरला पहाटे पाचला निघालो. नाशिक सोडल्यावर चांदवडच्या पुढे राहूड घाट आला. त्या उताराची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. नवऱ्याने वरच गिअर खाली घेतला, उतारभर ब्रेकला जेमतेम चार-पाच वेळा पाय लागला. खाली थांबून मोजलं: डावा ७८, उजवा ८१. मी ते आकडे मोठ्याने वाचले, आणि नणंदेने न विचारता डब्यातला लाडू माझ्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी बिजासन घाट चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. सेंधव्याला नट आवळले. खरगोन, सनावद असं दक्षिण तीरानेच ओंकारेश्वरला पोचलो, पूल न ओलांडता.

आज ९ तारीख. सकाळी संकल्प सोडून, कुपीत नर्मदेचं पाणी भरून निघालो आहोत. रोजच्यासारखं तेल-पाणी पाहिलं, टायर पाहिले. मागच्या आतल्या डाव्या चाकात हवा थोडी कमी आहे. उद्या बडवानीला भरू. तिथला पंक्चरवाला याच तीरावर आहे, हे विचारून ठेवलं आहे.